ओडलॉगच्या चढणीवर जाईल अशी गाडी

आमची जुनी डिझेल गाडी नाताळाच्या तोंडावर बंद पडली, ती कायमचीच. मी या खोऱ्यातली गुरांची डॉक्टर. इथले गोठे एकमेकांपासून लांब, रस्ते अर्धं वर्ष बर्फाखाली. गाडी नसली की माझं काम ठप्प. लगेच नवी घेऊन टाकावी, असं माझं म्हणणं. पण माझा नवरा हाल्डोर त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाला होता. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, आता समोर वर्ग नाही. मग त्याने गाड्यांचा कीस पाडायला घेतला.

"विजेची घ्यायची हे ठरलंय ना?" मी म्हटलं. "मग दोन बघू आणि एक घेऊ."

"गुडवेग, कडाक्याच्या थंडीत बॅटरीची काय अवस्था होते, कल्पना आहे तुला? सांगतात त्याच्या निम्म्या अंतरातच गाडी बसते. घाई करून चालणार नाही."

मग आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. सकाळी ब्रेडवर तपकिरी चीज ठेवताना गाडी उबदार ठेवणारा हीट पंप, दात घासताना हीट पंप. अंथरुणावर पडलं की शेजारून फोनमधला कोणीतरी माणूस गोठलेल्या तळ्यावर गाड्या घसरवत बोलत असायचा. माझ्या भावाने एक गाडी सुचवली, पाद्र्याने दुसरी, दुकानातल्या बाईने दोन्ही मोडीत काढल्या. आणि मी शेजारच्या टॉर्लाइफची उसनी गाडी घेऊन फिरत होते. तिचा हीटर फक्त डावा पाय गरम करायचा.

"अजून आठवडाभर," हाल्डोर म्हणायचा. "एक नवीन मॉडेल येतंय."

"गायी तुझ्या मॉडेलसाठी थांबत नाहीत रे."

शेवटी फेब्रुवारीत त्याचं एकीवर मन बसलं. लांबलचक, पांढरी, एकदा चार्ज केली की सगळ्यात दूर जाणारी. आम्ही ती चालवून बघायला गेलो. सिंद्रे नावाचा तरणा विक्रेता पातळ बूट घालून आमची वाट बघत होता. दाराची मूठ पत्र्याच्या आत बसवलेली. ती आपोआप बाहेर यायला हवी होती. वर बर्फाचा पापुद्रा धरलेला, त्यामुळे आली नाही. सिंद्रेने आधी बोटाने टकटक केलं, मग कोपराने, मग नाइलाजाने मूठ आवळून दणके घातले.

"सवय होते याची," तो म्हणाला.

"कोणाला? गाडीला की मला?" मी विचारलं. हाल्डोरने माझ्याकडे डोळे वटारले.

मी गाडी गावाबाहेर काढली तेवढ्यात फोन वाजला. ओडलॉगचा. सत्तरी ओलांडलेली बाई, टेकडीवर एकटी गायी सांभाळते, आणि विनाकारण कधी फोन करत नाही.

"डॉक्टर, गाय अडलीये. वासराचे पाय दिसतायत, डोकं नाही."

माझी पिशवी सोबत होतीच. मी कुठेही गेले तरी ती असते. मी सरळ खोऱ्याच्या रस्त्याला लागले. मागे बसलेला सिंद्रे अस्वस्थ झाला.

"मॅडम, तो वरचा रस्ता आमच्या नियमात बसत नाही. चाचणीची गाडी अशा रस्त्यावर नेता येत नाही."

"मला गाडी अशाच रस्त्यावर न्यायचीये. रोज."

सपाट रस्त्यावर ती लोण्यासारखी धावली, खोटं कशाला बोलू. हाल्डोर खूश. "बघ, किती शांत चाललीये." ओडलॉगची चढण सुरू झाली तेव्हा मात्र मला हातात काहीतरी वेगळं जाणवलं. आदल्या दिवशी बर्फ जरा वितळून पुन्हा गोठला होता. रस्ता काचेसारखा झाला होता. गाडीची सगळी ताकद मागच्या चाकांना. वळणावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"पेडलवरून पाय उचलू नको," हाल्डोर म्हणाला. "उचललास की ही स्वतःच ब्रेक लावते."

तो हे बोलेपर्यंत माझा पाय उचलला गेला होता. गाडी थबकली, मागे घसरली, आडवी झाली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात तिचं बूड रुतलं. पडद्यावर एक सूचना झळकली. हातमोजे घालून मला ती घालवताही येईना.

"सांगितलं होतं मी," हाल्डोर म्हणाला.

"कधी सांगितलंस? दोन महिने बोलतोयस तू, आणि हे आत्ता सांगितलंस."

"सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता आलं असतं," मागून सिंद्रे पुटपुटला.

मी पिशवी उचलली आणि चालू लागले. बुटांना बर्फावर चालायचे खिळ्यांचे पट्टे नव्हते; मी कुठे कामावर निघाले होते? चार पावलं चढायची, दोन घसरायची. वारा नाकाला चावत होता आणि मला इतका राग आला होता की मी गाडीला, नवऱ्याला आणि स्वतःला आळीपाळीने शिव्या देत वर गेले. हाल्डोर धापा टाकत मागे येत होता.

ओडलॉग गायीच्या डोक्याशी बसली होती. मी बाह्या सरसावून आत हात घातला. वासराची मान मागे वळून बरगडीला टेकलेली. तोंडात बोट घातलं तर जीभ हलेना. डोळ्याला स्पर्श केला, काही नाही. तरी ते बाहेर काढायलाच हवं होतं, नाहीतर गायही गेली असती. खूप वेळाने मान सरळ झाली. मी दोऱ्या बांधल्या, हाल्डोरने माझ्या सांगण्याबरहुकूम ओढल्या. कालवड होती. पूर्ण वाढलेली, कपाळावर पांढरा ठिपका.

"आधी येऊन उपयोग झाला असता का?" ओडलॉगने विचारलं. तिच्या आवाजात दोष नव्हता, नुसता प्रश्न होता.

"कदाचित," मी म्हणाले. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

तिने मान डोलावली आणि कालवडीवर गोणपाट टाकलं. मग आम्हाला आत नेऊन कॉफी आणि वॅफल दिलं. दारात अवघडून उभ्या असलेल्या सिंद्रेला लोकरीचे मोजे दिले. हाल्डोर खाली मान घालून बसला होता. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "गाडी छान आहे रे. उन्हाळ्यात ये कधीतरी घेऊन." ट्रॅक्टर काढून तिनेच ती ढिगातून ओढून काढली.

घरी आल्यावर हाल्डोर म्हणाला, "चारही चाकांना ताकद असलेलं त्यातलंच दुसरं मॉडेल आहे. खिळ्यांचे चांगले टायर बसवले तर..."

"तुला लांब जाणारी गाडी हवी आहे," मी म्हटलं. "मला वर जाणारी हवी आहे. आता तू बघायचं थांबव."

तो थांबला. मला वाटलं होतं वाद घालेल, पण तो उठून अंगणातला बर्फ उपसायला गेला, आणि उपसायचा बर्फ संपला तरी बराच वेळ आत आला नाही.

पुढे मी एकटीच फिरले. प्रत्येक विक्रेत्याकडे एकच मागणी: सही करण्याआधी गाडी ओडलॉगच्या चढणीवर नेऊन बघायची. दोघांनी विम्याचं कारण सांगून हात झटकले. एकाने तर मला गोठलेल्या चढणीची चित्रफीत दाखवली. मी म्हटलं, चित्रफिती माझ्या घरी ढिगाने आहेत. शेवटी बेरगिट नावाच्या बाईने गाडीची किल्ली सरळ पुढे केली. "चला, मीही येते. माझे आईवडील तिकडचेच."

गाडी दिसायला पावाच्या डब्यासारखी होती. जमिनीपासून उंच, चारही चाकांना ताकद, मुठी साध्या, हातमोज्यात धरून ओढता येणाऱ्या. हीटरला बटण होतं. वळणावर ती जरा कुरकुरली, एकदा मागून हलली आणि वर गेली. ओडलॉग खिडकीतून बघत होती. तिने नुसता हात वर केला. खाली येतानाही मी दोनदा मुद्दाम पाय उचलून बघितला. मग सही केली.

"मिळणार कधी?" मी विचारलं.

"मेमध्ये," बेरगिट म्हणाली.

तोपर्यंत सगळा बर्फ नदीला गेलेला असतो. उरलेला हिवाळा मी टॉर्लाइफच्या गाडीतच काढला. डावा पाय तेवढा सुखात होता.

गाडी आली आणि नंतरचा हिवाळाही आला. जानेवारीत आम्ही लेकीकडे ट्रोम्सोला निघालो तेव्हा वाटेतच बॅटरी खाली आली आणि चार्जिंगला थांबावं लागलं. थंडीमुळे चार्जिंगचा आकडा गोगलगायीसारखा सरकत होता.

"ती पांढरी असती तर आत्तापर्यंत पोचलो असतो," हाल्डोर म्हणाला.

"हो, पोचलो असतो," मी म्हटलं.

त्याला भांडण अपेक्षित होतं. ते मिळालं नाही तेव्हा तो टोपी घालून शेजारच्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात गेला आणि आम्हा दोघांसाठी पावातलं गरम सॉसेज घेऊन आला. माझ्या पावात, मला आवडतो म्हणून, कांदा जास्त घालून आणला होता.