शब्द मागे घेणारा जुळारी

आमच्या फेरीतला माणूस जळत नाही, ही मॅडमची मुख्य तक्रार होती.

"ताई, तुम्हीच सांगा," मी कॉलरींना खळ घालत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन तास चालून लोक चौकात येतात. तिथे एक म्हातारा माफी मागतो आणि घरी जातो. हा काय शेवट झाला?"

मी कॉलर पिळली. ती जरा जास्तच पिळली गेली. उत्तर जिभेवर होतं, पण फेरीतले सगळे जुने पोशाख मी शिवते, धुते, त्यांना इस्त्री करते, आणि फेरी चालवणाऱ्या मॅडमच्या कंपनीच्या बाकी कार्यक्रमांचं शिवणकामही माझ्याकडेच आहे. नवरा दोन वर्षांपासून आजारपणाने घरी बसून, लेकीचं शिक्षण अजून अर्ध्यावर. मूग गिळायला मला अजिबात आवडत नाही, पण तेव्हा गिळले.

फेरी म्हणजे आमच्या शहराचा प्रोटेस्टंट इतिहास, त्या काळच्या पोशाखातल्या माणसांच्या तोंडून, पायी पायी. पाचशे वर्षांपूर्वी इथले काही लोक म्हणाले, धर्मग्रंथ आपल्या बोलीत छापू, ज्याचा त्याने वाचावा, मध्ये धर्मगुरूंची दलाली कशाला. त्यावरून जे महाभारत घडलं ते आम्ही दाखवतो. आधी तळघरातला छापखाना, मग मूर्ती काढून भिंतींना चुना फासलेलं चर्च, मग लग्न करणाऱ्या पहिल्या पाद्र्याचं घर आणि शेवटी चौक. चौकातला माणूस माझे बाबा करतात. बावीस वर्षं झाली.

तो माणूस जुळारी होता, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा, त्यातून पान उभं करणारा. बाबांनीही आयुष्यभर हेच काम केलं, कॉम्प्युटर येईपर्यंत. बंदी घातलेली पुस्तकं जुळवतो म्हणून त्या जुळाऱ्याला पकडलं आणि चौकात उभं केलं: शब्द मागे घे, नाहीतर जिवंत जाळतो. धर्मन्यायालयाच्या कारकुनाने दप्तरात चारच वाक्यं लिहून ठेवलीत: 'विचारलं. शब्द मागे घेतले. घरी पोरं लहान असल्याचं सांगितलं. सोडून दिलं.'

बाबा हे जसंच्या तसं सांगायचे, मीठमसाला न लावता. मग एप्रनच्या खिशातून दोन मोठे फोटो काढायचे. जुळाऱ्याच्या खिळ्यांत एका अक्षराचा पाय तुटका होता. माफी मागितल्यानंतर शहरात चोरून छापलेल्या सहा पुस्तकांत तोच तुटका पाय दिसतो. म्हणजे हा माणूस घरी गेला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच जुळवत बसला. हे कुठल्या प्राध्यापकाला नाही दिसलं, माझ्या बाबांना दिसलं. दोन हिवाळे ग्रंथालयात भिंग घेऊन बसले होते. जुळाऱ्याचा डोळा, तुटका खिळा त्याला खड्यासारखा टोचतो.

आणि तरी, खरं सांगते, त्या थांब्याचा मला राग यायचा.

मी नऊ वर्षांची असताना बाबांच्या छापखान्यात संप झाला. सत्तर माणसं बाहेर. सातव्या आठवड्यात मालकाने सांगितलं, माफीपत्रावर सही करेल त्याला आत घेतो. पहिली सही बाबांची. शाळेत मी 'सहीवाल्याची पोरगी' झाले. डबा खायला कुणी शेजारी बसेना. आई गेली, मी म्हातारपणाकडे झुकले, पण बाबांनी सही का केली ते ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. तो राग मी लोणच्यासारखा मुरवून ठेवला होता. मग हा माणूस दर रविवारी चौकात उभा राहून, माफी मागून घरी जाणाऱ्याचं कौतुक सांगणार आणि मी त्याची कॉलर कडक करून देणार. माझं काय होत असेल?

म्हणून मॅडमनी नवा कागद आणला तेव्हा मी भडकले ते अर्धंच. बाबा छापखान्याच्या तळघरात बाकावर बसून बुटांची नाडी बांधत होते.

"काका, तुम्हाला फक्त दोन शब्द आहेत," मॅडम म्हणाल्या. "मी न्यायाधीश. मी विचारणार, शब्द मागे घेतोस का? तुम्ही म्हणायचं, 'नाही घेत.' मग धूर, मग टाळ्या."

"पण तो जळला नाही," बाबा म्हणाले.

"काका, न जळलेल्या माणसाचं रील कोण बघतं?"

"पण सहा पुस्तकं..."

"पुस्तकं राहू द्या हो. आणि जमत नसेल तर तसं सांगा, एक नट आहे माझ्याकडे. चांगला उंच आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं की हे खोटं आहे, मॅडम, इतिहास म्हणजे काय तुमच्या घरचं कार्य आहे? त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "म्हणा ना, बाबा. एकदा तरी नाही म्हणा."

ते 'एकदा तरी' कुठून आलं ते त्यांना बरोबर कळलं. नाडीची गाठ नीट बसली होती, ती त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली. "बरं," म्हणाले.

रविवारी चाळीस माणसं होती. मॅडमनी चर्चमध्येच सगळ्यांना कागदी ज्वाळा वाटल्या होत्या, काडीवर चिकटवलेल्या, लाल-पिवळ्या. लहान मुलं त्या एकमेकांच्या नाकात घालत होती. ज्या चुना फासलेल्या भिंतींसमोर माणसांनी आपल्या जिवाचा सौदा केला, तिथे ही जत्रा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण माझ्या हातात टाचण्यांचा डबा होता आणि एका बाईच्या भाड्याच्या टोपीची नाडी तुटली होती. मी ती शिवत बसले.

चौकात बाबांना दगडावर उभं केलं. मी शिवलेलं काळं जाडंभरडं जाकीट, वर पांढरी कॉलर, हात दोराने बांधलेले. शेजारी मॅडम, न्यायाधीशाच्या झग्यात. तो झगा त्यांनी माझ्याकडून तीनदा उसवून घेतला होता, कमरेत बारीक दिसायला.

"तू तुझे शब्द मागे घेतोस का?" त्यांनी माइकवर विचारलं.

"नाही! नाही!" लोक ज्वाळा हलवत ओरडले. सगळ्यांचे फोन वर. माझेही ओठ हलत होते. नाही म्हणा, बाबा.

"घेतो," बाबा म्हणाले.

ज्वाळा हलायच्या थांबल्या.

"घरी पोरं लहान आहेत. घेतो." आणि बांधलेल्या हातांनीच ते खिशातले फोटो काढायला धडपडू लागले. "आता हे अक्षर बघा, याचा पाय..."

मॅडम चटकन पुढे झाल्या. गोड हसल्या. "मंडळी, आमचे काका थकलेत हं आता. विसरतात. वय झालं ना!"

"अरेरे," एक बाई म्हणाली. कुणीतरी हसलं. एकाने फोन खाली घेतला, एकाने आणखी जवळ नेला.

क्षणापूर्वी मी बाबांवर दात खात होते. पण विसरतात? बावीस वर्षांत एक तारीख न चुकलेला माणूस? खोटेपणा तुझा आणि विसराळूपणा त्यांच्या माथी? माझ्या हातातला डबा खाली पडला, टाचण्या दगडांवर पसरल्या.

"ते काही विसरलेले नाहीत!" मी ओरडले. "तो माणूस जळलाच नाही. दप्तरात लिहिलंय! जळला असता तर पुढची सहा पुस्तकं काय ह्या मॅडमच्या पणज्याने जुळवली असती?"

मॅडमनी माइकवर हात ठेवला. जवळ येऊन, हसू तसंच ठेवून, हळूच म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका, ताई. बाकीच्या कार्यक्रमांचं कामही मी दुसरीकडे देते."

"नाही येत! गेलात उडत!" काय बरं वाटलं म्हणून सांगू. पन्नास वर्षांत असं वाटलं नव्हतं. घर, फी, नवऱ्याचं औषध, काहीही डोक्यात नव्हतं.

ते बाबांच्या डोक्यात होतं. ते दगडावरून उतरून आले, हात बांधलेलेच. "मॅडम, विसरलोच मी," म्हणाले. मग वळून, माइकशिवाय, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं, "मंडळी, माफ करा. म्हातारा झालोय, डोकं चालत नाही. पोरगी बापाची बाजू घेते, तिचं कुणी मनावर घेऊ नका. चूक माझी. पुन्हा करू या."

"बाबा!"

"तू गप्प बस," ते म्हणाले. असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "लेक शिकतेय तुझी."

आणि जाऊन दगडावर उभे राहिले. मॅडमनी क्षणभर हिशेब केला असेल, मग झगा सावरला आणि विचारलं, "तू तुझे शब्द मागे घेतोस का?"

"नाही घेत," बाबा म्हणाले.

खणखणीत म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, मघाच्या त्या 'अरेरे'वाल्या बाईने डोळे पुसले. ही 'नाही'ची दोन अक्षरं या माणसाच्या तोंडून ऐकायला मी नऊ वर्षांची असल्यापासून वाट पाहत होते. ऐकली आणि मला त्या बाईचा, त्या शिट्ट्यांचा, आणि सगळ्यांहून जास्त माझा स्वतःचा संताप आला. धूर सुटला. त्यात बाबा खोकत होते, आणि लोकांना वाटत होतं की ते फार छान काम करताहेत.