समुद्राला कबूल केलेला नारळ

"माते, यांना ते झाड एकदा डोळे भरून बघू दे. तुझ्या बेटावर आमचे पाय लागले, की हा नारळ तुझ्याच समुद्रात सोडीन."

गेल्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी शालिनीबाई असा नवस बोलल्या. तो नारळ मीच. बडोद्यात, वासणा रोडवरच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, देवघराच्या वरच्या खिळ्याला लाल फडक्यात बांधून टांगलेला आहे. इथून मला देव दिसतात, जेवणाचं टेबल दिसतं आणि खिडकीतली विश्रामरावांची खुर्ची दिसते. हल्ली मी त्या खुर्चीकडेच जास्त बघतो.

माझा जन्म मांगरोळच्या किनाऱ्यावरचा. उंच झाडावर होतो. खाली समुद्र. दिवसरात्र त्याचा आवाज कानांवर पडे. आमच्यातला एखादा पिकून पाण्यात पडला, तर वाहत वाहत कुठल्याशा बेटाला लागतो आणि तिथेच रुजतो, असं आम्हा नारळांत बोललं जायचं. त्याला पासपोर्ट लागत नाही की विमान लागत नाही. मलाही तसंच जायचं होतं. पण मला उतरवलं, सोललं, पोत्यात भरलं आणि टेम्पोतून बडोद्याला आणलं. रावपुऱ्यातल्या एका दुकानात मी आठ दिवस पडून होतो.

तिथे शालिनीबाई आल्या. "शेंडीवाला द्या हं, देवाचा आहे," म्हणाल्या. चार नारळ बाजूला सारून त्यांनी मला उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. माझ्या पोटातलं पाणी डुचमळलं. त्यांचा चेहरा खुलला. "हा घेते. भरलेला आहे."

नवस कशासाठी होता, ते सांगतो.

विश्रामरावांनी तीस वर्षं नंदेसरीच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काढली. त्यांचं काम रंग जुळवण्याचं. लाल रंगात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काचेच्या नळ्या उजेडासमोर धरायच्या आणि सांगायचं, हा बरोबर, हा किंचित काळपट, हा परत करा. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काचबिंदू आहे. उशिरा आलात. जेवढं गेलं ते परत येणार नाही. उरलेलं किती टिकेल, तेही मी सांगू शकत नाही."

हे सगळं शालिनीबाई पुढे देवासमोर पुटपुटल्या, म्हणून मला कळलं. मुलीनं, उत्कर्षानं, घरात आल्यावर विचारलं, "बाबा, तुम्हाला काय बघायचंय? काहीही सांगा. आपण जाऊ."

तिला वाटलं होतं, काशी म्हणतील, नाहीतर हिमालय. ते उठले, कपाटातून कागदाची एक पुडी काढली. रावपुऱ्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला हिरादखणाचा खडा होता तो. एका झाडाची वाळलेली राळ. त्यांनी खडा कागदावर ओढला. लालभडक रेघ उमटली.

"हे ज्या झाडातून येतं ना, ते बघायचंय. सोकोत्रा नावाचं बेट आहे, अरबी समुद्राच्या पार पलीकडे. ही झाडं तशी दुसरीकडे कुठेच नाहीत. वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखी दिसतात आणि साल कापली की रक्त येतं. मी आयुष्यभर पिंपातला लाल बघितला गं. एकदा झाडातला बघू दे."

शालिनीबाई घाबरल्या. "अहो, वाळवंटातलं बेट ते! तिथे हॉटेलसुद्धा नाही म्हणते ही. तंबूत झोपायचं?"

"तुझ्या माहेरी तरी कुठे हॉटेल होतं?" विश्रामराव म्हणाले.

घाबरलेल्या शालिनीबाईंना धीर आला तो शेजारच्या पद्माबेनमुळे. त्यांनी बेटाचं नाव ऐकलं आणि दोन्ही हात जोडले. "सोकोत्रा? अरे बेन, ए तो अमारी सिकोतर मा! आमचे जुने वहाणवाले त्या बेटावरूनच जायचे. ती दर्याची देवी तिथलीच, असं माझे आजोबा सांगायचे. सुखरूप पोचले की दर्यात नारळ टाकायचे. तू नवस बोल, पछी चिंता ना कर."

असा मी या घरात आलो. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. ज्या समुद्रापासून मला तोडलं होतं, त्याच समुद्रात मला सोडणार होते. कुणास ठाऊक, लाटेनं किनाऱ्याला लावलं असतं तर मी रुजलोही असतो.

मग घरात तयारी सुरू झाली. फ्रिजवर उत्कर्षानं यादी चिकटवली: पासपोर्ट, व्हिसा, औषधं, टॉर्च, टोप्या. आठवड्यातून एखादंच विमान अबू धाबीहून जातं, म्हणून तिनं एका सहल नेणाऱ्या माणसाकडे तीन जागा धरून ठेवल्या. दिवाळी झाल्यावर, भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी निघायचं. शालिनीबाईंनी जन्मात पहिल्यांदा बूट आणले आणि साडीवर ते घालून सोसायटीला रोज फेऱ्या मारू लागल्या. पद्माबेन गॅलरीतून ओरडायच्या, "पोलीसमां भरती थवानी छे के?" विश्रामराव हसायचे. त्यांना बूट दिसायचे नाहीत, पण फरशीवरचा कच्च कच्च आवाज ऐकू यायचा.

आणि शालिनीबाईंनी सोळा सोमवारांचं व्रत धरलं. प्रवास सुखरूप व्हावा आणि तोवर यांची नजर टिकावी म्हणून. सोमवारी दिवसभर उपास. संध्याकाळी शंकराची पूजा, गव्हाच्या पिठाचा चूरमा, त्याचे तीन भाग. मिठाचा कण नाही. त्या पूजेला बसल्या की माझ्याकडे एकदा वर बघायच्या. मीही जमेल तेवढं पाणी धरून ठेवायचो.

इथेच ते घडलं. उत्कर्षानं तारखा वाचून दाखवल्या आणि शालिनीबाईंनी बोटं मोजली. चौदावा सोमवार बेटावर येत होता.

"तिथे पूजा कशी करू? चूरमा कुठून आणू?"

"आई, चूरमा डब्यात भरून ने."

"शिळा? देवाला?"

"मग एक सोमवार सोड ना."

"सोडला तर मोडलं. परत पहिल्यापासून. आणि ज्यासाठी धरलं, तेच अडलं तर?" त्यांनी परत बोटं मोजली. "तीनच तर राहतात गं. उद्यापन करते, मग निवांत जाऊ. नंतरच्या तुकडीत मिळतील ना जागा?"

उत्कर्षा चिडली. "आई, बाबांचे डोळे तुझे सोमवार मोजत नाहीयेत!"

शालिनीबाईंनी गोविंदगुरुजींना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. गुरुजी स्वच्छ बोलले, "वहिनी, जा तुम्ही. समुद्राकाठची वाळू घ्या, तिची पिंड करा, हात जोडा. मनानं केलेली पूजा देवाला पोचते."

शालिनीबाईंनी फोन ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "गुरुजी भले आहेत. माझी अडचण बघून सवलत देतात. देव देईलच असं कुठंय?"

दोघी विश्रामरावांकडे वळल्या. ते कागदावरची ती लाल रेघ चाचपत होते. म्हणाले, "तू माझ्यासाठीच उपाशी राहतेस. तू म्हणशील तसं."

त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. एवढ्या प्रेमानं बोललेल्या माणसाचं खरं म्हणणं काय, ते ऐकू येत नाही.

मी नारळ आहे. मला तीन डोळे आहेत, शेंडीआडून सगळं दिसतं, पण तोंड नाही. असतं तर त्या दिवशी ओरडलो असतो, बाई, नेसत्या साडीनिशी निघा.

तुकडी त्यांच्यावाचून गेली. सोळा सोमवार पुरे झाले. उद्यापन सुरेख झालं. सोळा जोडपी जेवली, जिन्यापर्यंत चपलांची रांग होती. विश्रामराव हौसेनं ताक वाढत होते. चौथ्या पानाशी त्यांनी ताक वाटीबाहेर ओतलं, सरळ पाहुण्याच्या मांडीवर. लोक हसले. तेही हसले. फक्त शालिनीबाई हसल्या नाहीत.

जानेवारीतल्या तुकडीत जागा मिळाल्या होत्या. बॅगा भरून दाराशी ठेवल्या. निघायला सहा दिवस असताना सहलवाल्याचा निरोप आला. तिकडे काहीतरी गडबड सुरू झाली होती, विमानं बंद. कधी सुरू होतील, सांगता येत नाही. उत्कर्षा रोज सकाळी फोन करायची. आधी "पुढच्या आठवड्यात", मग "पुढच्या महिन्यात", मग त्यानं फोन उचलणंच सोडलं. पुढे पावसाळी वारे सुटले की ते बेट तसंही बंद होतं म्हणे.

फेब्रुवारीतली एक सकाळ. खिडकीत लख्ख ऊन होतं. विश्रामरावांनी खुर्चीत बसून पुडी सोडली, खडा कागदावर ओढला. मग जोर देऊन परत ओढला.

"अगं, उमटली का रेघ?"

शालिनीबाई पोळ्या लाटत होत्या. त्या आल्या. कागदावर दोन लालभडक रेघा होत्या.

"उमटली."

"कसा आहे लाल? काळपट?"

"नाही. छान आहे. कुंकवासारखा."

ते नुसते "बरं" म्हणाले. खडा पुडीत घातला, पुडीला पूर्वीसारखी घडी घातली आणि कपाटाकडे न जाता ती शालिनीबाईंच्या हातात दिली. तव्यावरची पोळी करपली. त्या देवघरासमोर येऊन बसल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. नवस बोलल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मीच मोजत बसले गं आई."

डॉक्टरांनी उजवा डोळा संपल्याचं सांगितलं. डाव्यात नळीतून दिसावं तेवढा उजेड आहे. तोही जाणार.

आता माझं सांगतो. माझ्यातलं पाणी थेंबाथेंबानं आटलं. आत खोबरं सुटलंय, त्याचा गोटा झालाय. आता मी रुजणार नाही. उत्कर्षा परवा म्हणाली, सुकं खोबरं विमानात चालत नाही. म्हणजे उद्या विमान सुरू झालं, तरी मला बंदीच. पद्माबेन म्हणतात, महीसागरात सोडून दे, नदी दर्यालाच मिळते. शालिनीबाई ऐकत नाहीत. न फिटलेल्या नवसाचा नारळ फोडायचा नाही, खायचा नाही, बदलायचा नाही. मी आहे तसाच टांगलेला आहे. दाराशी एक बॅगही तशीच आहे. आत साडीवरचे बूट आहेत.

पण चैत्रापासून शालिनीबाईंनी नवीन व्रत धरलंय. याला उपास नाही, उद्यापन नाही. रोज पोळ्यांच्या आधी त्या विश्रामरावांजवळ बसतात आणि त्यांना एक काहीतरी दाखवतात. कधी रस्त्यावरचा बहावा किती पिवळा झालाय ते. कधी पद्माबेनच्या नव्या ड्रेसचा रंग, "डोळ्यात खुपेल असा गुलाबी," आणि ते म्हणतात, "मग बरंच आहे माझं." पहिल्या दिवशी त्यांनी ते झाडच दाखवलं. घरातला खराटा आणला, मूठ खाली करून उभा धरला आणि त्यांचे हात वरच्या पसरलेल्या हिरांवर नेले.

"हे असं. खाली खोड, वर अशी दाट छत्री."

"देवीच्या बेटावरच्या झाडाला खराटा म्हणतेस?"

"तुम्ही बघा हो आधी."

त्यांनी बोटांनी हीरन् हीर चाचपला. माझ्या भाऊबंदांच्या झावळ्यांचा खराटा तो. मला उगाच अभिमान वाटला.

काल त्यांनी विचारलं, "आणि समुद्र?"

शालिनीबाई कधी समुद्रावर गेलेल्याच नाहीत. या घरात समुद्र फक्त मी ऐकलाय. त्यांनी स्टुलावर चढून मला खिळ्यावरून काढलं, लाल फडकं सोडलं आणि विश्रामरावांच्या कानाशी धरून हलवलं. मी माझ्याकडून जीव तोडून प्रयत्न केला. पण आत पाणीच नव्हतं. नुसता गोटा खडखडला.

विश्रामरावांनी माझ्यावर आणि शालिनीबाईंच्या हातावर आपला हात ठेवला.

"येतोय ऐकू," ते म्हणाले. "लाट आली बघ."

त्यांना कळलं होतं. शालिनीबाईंनाही कळलं होतं.

हे वाचणाऱ्या ताईंनो, दादांनो, माझं आता काही व्हायचं राहिलेलं नाही. तुम्हाला एवढंच मागतो. तुमच्या घरात कोणी तरी कधी तरी म्हणालं असेल, मला अमुक बघायचंय. तुम्हीही शालिनीबाईंसारखं व्रत धरा. आजच जवळ बसा आणि दाखवा, जेवढं दाखवता येईल तेवढं. वार मोजू नका.