तू नव्हे, तुम्ही

गुरुवारी संध्याकाळी पाळकांच्या घरी शास्त्राभ्यास असे, आणि गुरुवारीच पाळकांच्या बायकोची पाठ सगळ्यात जास्त दुखे. मंडळीतले सगळे तिला ताई म्हणत. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. दिवसभर ओल्या चादरी यंत्रातून ओढून काढायच्या, वाफेच्या इस्त्रीखाली सरकवायच्या, जोडीदारणीबरोबर टोकाला टोक लावून घड्या घालायच्या. घरी आलं की खुर्च्या मांडायच्या, चहा ठेवायचा आणि वचन ऐकताना जांभया गिळायच्या.

त्या गुरुवारी शेवटल्या न्यायाचा उतारा होता. भुकेल्याला जेवू घातलंत, परक्याला घरात घेतलंत, आजाऱ्याकडे गेलात, ते सारं माझ्यासाठीच केलंत, असं प्रभू सांगतो, तो. पाळकांनी अर्थ समजावला. निवृत्त मास्तरांनी नेहमीप्रमाणे मूळ भाषेतल्या एका शब्दावर लांबण लावली. पाळक पुढचा अध्याय काढणार, तोच कोपऱ्यात बसलेला न्हावी म्हणाला, "मी पुढं वाचणार नाही."

"का हो?"

"हे वाचलं, पण केलं कुठं? आपल्या घंटावाल्याचा पाय कापावा लागलाय. टायरच्या दुकानावरच्या खोलीत एकटा पडलाय. माझं एक गिऱ्हाईक सांगत होतं."

घंटावाला म्हणजे चर्चचा जुना राखणदार. दारूपायी मंडळीनंच त्याला काढून टाकलं होतं. निमित्त झालं होतं ताईच्या आईच्या दफनाचं. शवपेटी दारातून बाहेर निघाली आणि हा पठ्ठ्या वर दोराला लोंबकळून लग्नाची घंटा बडवत सुटला. लोकांनी माना खाली घातल्या. काहींना हसू आवरलं नाही. ते हसू ताईच्या कानातून अजून गेलं नव्हतं.

"तुमचं खरं आहे," पाळक न्हाव्याला म्हणाले. "आपण त्याच्याकडे सूप पोचवू. पट्टी बदलू. खोलीही झाडून घेऊ."

ताई कपबशा गोळा करत होती. ती थांबली. "आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे आपण. मंडळी."

"मागं त्या बाळंतिणीचं आपण करू म्हणालात, ते मी केलं. मास्तरांच्या बहिणीचं आपण केलं, तेही मीच केलं." तिचा आवाज चढला नव्हता. चढवायला अंगात त्राणच नव्हतं. "हा उतारा मीही वाचलाय. त्यात 'तू' लिहिलेलं नाही. 'तुम्ही' लिहिलंय."

मास्तरांनी चष्मा सारखा करून पान पाहिलं. "अनेकवचनच आहे," ते हळूच म्हणाले. "मुळातही."

"आणि या माणसाकडे मी जाणार नाही. का, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

ती आत गेली. बाहेर बराच वेळ कुजबूज चालली होती. मग पुरुषमंडळी आपसांत वाटण्या करून उठली.

न्हावी सकाळी दुकान उघडण्याआधी जाऊ लागला. सुपाचं मास्तरांनी अंगावर घेतलं. या माणसानं जन्मात चूल पेटवली नव्हती. पहिल्या दिवशी पातेलं करपलं, दुसऱ्या दिवशी बोट भाजलं. पाळक संध्याकाळी पट्टी बदलून यायचे. त्यांच्या हातांना औषधाचा वास येई.

एकदा ते दारातच म्हणाले, "पट्टी जखमेला चिकटली तर काय करतात गं?"

"कोमट पाण्यानं भिजवायची. ओढायची नाही."

"मी ओढली." ते चप्पल न काढताच बसले. "आणि माणसाला न उठवता खालची चादर कशी बदलतात?"

तिनं एक उसासा टाकला आणि त्यांना पलंगावर आडवं व्हायला सांगितलं. त्यांना एका कुशीवर वळवलं, जुनी चादर पाठीशी गुंडाळत नेली, तिच्यालगत नवी अंथरली आणि त्यांना अलगद पलीकडे वळवलं. "आलं लक्षात?" तिनं विचारलं. पाळक झोपले होते. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. या माणसाला एवढं दमलेलं तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला थोडं बरंही वाटलं.

पुढच्या गुरुवारी न्हाव्यानं पुढचा अध्याय काढायला हरकत घेतली नाही.

पुढं पाळकांना ताप आला. मास्तर एकटे त्या धिप्पाड घंटावाल्याला वळवू शकत नव्हते आणि न्हावी गावाला गेला होता. ताईला कुणी जा म्हटलं नाही. लाँड्रीतून सुटल्यावर ती बसस्टॉपवर उभी राहिली. घराकडची बस तिनं जाऊ दिली.

घंटावाला तिला पाहून उठून बसू लागला. "तुम्ही?"

"ह्यांना ताप आलाय."

तिनं पाणी कोमट केलं, पट्टी भिजवली, जखम पुसली. तो छताकडे बघत होता. "मास्तरांच्या सुपात मीठ नसतं," तो म्हणाला. तिनं नवी पट्टी गुंडाळली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ताई, तुमच्या आईच्या वेळेला मी..."

"ते आज नको. कुशीवर वळा."

असं काम करताना आतून माया दाटून येते, असं तिनं कितीदा ऐकलं होतं. काही दाटून आलं नाही. पाठ तेवढी भरून आली. पण तिनं चादर ताठ ओढून कोपरे नीट खोचले. माया वाटेपर्यंत थांबा, असं त्या उताऱ्यात कुठंही म्हटलेलं नव्हतं.

तेव्हापासून मंगळवार तिनं आपल्याकडे घेतला. कुणी विचारलं तर म्हणे, "बाकीचे दिवस तुमचे."

त्याची जखम भरत आली. तो कुबडी घेऊन खिडकीपर्यंत जाऊ लागला. चर्चला येण्याचं नाव त्यानं काढलं नाही, तिनंही नाही. आईचा विषय अर्धवट राहिला तो राहिलाच.

एका मंगळवारी लाँड्रीतलं एक यंत्र बंद पडलं, त्यात जोडीदारीणही आली नव्हती, आणि दोघींच्या वाटचं काम तिच्या एकटीच्या अंगावर पडलं. खोलीत पोचली तेव्हा तिचे पाय सुजले होते. सुपाचा डबा टेबलावर ठेवून ती श्वास घ्यायला खुर्चीत टेकली.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं. तिच्या पायांखाली उशी ठेवलेली होती. घंटावाला पलंगाच्या कडेला कुबडी उराशी धरून बसला होता. सूप तसंच होतं, झाकणही उघडलेलं नव्हतं.

ती ओशाळली. "जेवला नाहीत? मला उठवायचं नाही का?"

"डब्याचं झाकण वाजतं," तो म्हणाला.

ती चपला शोधू लागली. खाली दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"बसा अजून थोडं," तो म्हणाला. "मला कुठं पळत जायचंय?"

ताई पुन्हा खुर्चीत टेकली.