दगूबाईचा अर्धा भाग

मी शेवयांचा साचा बोलतोय. अंग पितळेचं, पाय बिडाचा. बाजेच्या लाकडाला आवळून बसवलं आणि दांडा फिरवला, की खालच्या जाळीतून शेवया सुटतात. गावभराची तोंडं गोड केली मी, पण माझ्या हातून एक चुकलं आहे. ते कबूल करावं म्हणून बोलतोय.

घडलो सुरतेत, विकायला बसलो नंदुरबारच्या बाजारात. १९५६ साली प्रकाशा गावच्या सिंधुबाईने मला हेरलं. तिचा नवरा पितांबर कापसाच्या जिनात हंगामी कामाला. चार महिने मजुरी, आठ महिने हात चोळत बसणं. गावात तेव्हा बायका पाटावर हाताने शेवया वळत, त्यात दिवस मोडायचा. साचा आणावा आणि शेराला आणा घ्यावा, असं सिंधुबाईच्या डोक्यात आलं. माझी किंमत होती चाळीस रुपये, आणि तिच्याजवळ दमडी नव्हती.

शेजारच्या दगूबाईकडे ती उसने मागायला गेली. दगूबाई तरुणपणीच विधवा झालेली, एकटी, शब्दाला पक्की. तिने पायातली चांदीची कडी मोडली. उसने मात्र द्यायला तयार होईना.

“उसना नको म्हनू, सिंधू. पैसा मन्हा, मेहनत तुन्ही. पिकनं तं दोन्हीसनं, बुडनं तं दोन्हीसनं.”

अशा रीतीने माझा निम्मा भाग दगूबाईचा झाला.

पहिल्याच हंगामात मी दगा दिला. माझ्या मळसूत्रात ओतकामाची खोट होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर असताना ते अडकलं आणि पाच घरांचं भिजवलेलं पीठ आंबून गेलं. लेकी माहेरी यायच्या आणि घरात शेवया नाहीत, म्हणून बायका सिंधुबाईच्या अंगावर आल्या. भरपाईला गहू द्यावे लागले. दगूबाईने कोणी न सांगता निम्मे गहू आपल्या कणगीतून काढून दिले, आणि मला दुरुस्तीला शहाद्याला पाठवलं. खोट माझी आणि भुर्दंड तिला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी मी मुकाट चाललो. चैत्र लागला तशी दारात परातींची रांग लागली. हंगाम संपल्यावर, मुलींना झंपर शिवायचे आहेत, असं सिंधुबाईने सांगितलं. दगूबाईने मान हलवली, वाटा मागितला नाही.

तिसऱ्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी सिंधुबाईचे कान भरले. दांडा फिरवायचा तू, घाम तुझा, आणि बसल्या जागी निम्मा वाटा तिचा? सिंधुबाईला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. घाम मी रोज पाहत होतो. कणगीतले गहू विसरलो होतो.

मग सिंधुबाईने शक्कल लढवली. आखाजीच्या आदल्या दिवशी पाच जणींना बोलावलं, दगूबाईला पाटावर बसवलं. तिच्यापुढे नवं लुगडं, नारळ आणि वर चाळीस रुपये ठेवले. आमच्याकडे मानाने पुढे केलेलं लुगडं चारचौघींत कोणी परत करत नाही. सिंधुबाईला ते पक्कं ठाऊक होतं.

“तुन्हा पैसा फिटना, आक्का,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. पैसा फिटला, म्हणजे भागही संपला.

दगूबाईने लुगडं कपाळाला लावलं. मग अगदी हळू विचारलं, “मी उसना कधय दिन्हा व्हता, सिंधू?”

ते फक्त सिंधुबाईने ऐकलं, आणि मी.

पुढच्या आखाजीला दगूबाई परात घेऊन रांगेत उभी राहिली. शेवया झाल्या, तसे बाजेवर चार आणे ठेवले आणि निघाली. सिंधुबाईला ते उचलवेनात. हात दुखतोय म्हणाली आणि त्या दिवशी पुढचं पीठ घेतलं नाही. त्याच साली दगूबाई ब्राह्मणपुरीला, भाऊ गिरधरकडे राहायला गेली.

मी आणखी सात वर्षं चाललो. माझ्या कमाईवर सिंधुबाईच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली. पण जितका हंगाम चांगला, तितकी ती माझ्याकडे बघायचं टाळायची. शेवटी १९६७ साली तिने मला गोधडीत गुंडाळलं आणि ब्राह्मणपुरीला नेलं. दगूबाईने पाणी दिलं, चहा ठेवला. सिंधुबाई रडत म्हणाली, “आक्का, तुन्हा भाग मी खादा.”

दगूबाईने कपबशी तिच्याकडे सरकवली.

“मले ठाऊक शे,” ती म्हणाली. “चहा पी. थंडा व्हयी ऱ्हायना.”

सिंधुबाई मला तिथेच सोडून परत गेली. तेव्हापासून मी इथल्या कोनाड्यात आहे. दगूबाईची बोटं वाताने आखडली आहेत, दांडा तिच्याने फिरत नाही. तरी चैत्र आला की ती मला चिंच लावून घासते. शेजारणी मागायला येतात, तेव्हा त्यांना सांगते, “हाऊ मन्हा नही. सिंधूना शे, ठेवाले दिन्हा शे.” आणि प्रकाशाहून येणारी माणसं सांगतात, की तिकडे कोणी विचारलं तर सिंधुबाई म्हणते, साचा दगूबाईचा आहे.

बायांनो, बाबांनो, तुमच्या बुडण्यात कोणी भागीदार झालं असेल, तर पिकल्यावर आधी त्याच्या दारी जा. लुगडं नेऊ नका, वाटा न्या. माझं मळसूत्र अजून ठणठणीत आहे. पण गेल्या आखाजीला माझ्यातून एकही शेवई पडली नाही.