डाव्या हाताची फाइल

माझा उजवा हात तीन वर्षांपूर्वी लकव्याने गेला. गेला म्हणजे आहे जागेवर, पण शोभेपुरता. घरांचे नकाशे काढून पोट भरणाऱ्याला शोभेचा हात काय कामाचा? मी हाय खाल्ली होती.

ताईने खाल्ली नाही. एकाच हाताने माउसही धरायचा आणि कळाही दाबायच्या, म्हणून नकाशाच्या सॉफ्टवेअरमधली एकेक आज्ञा तिने माझ्या डाव्या बोटांच्या टप्प्यात आणून बसवली. भिंत इथे, दार तिथे, पुसणं अंगठ्याखाली. चार महिने, रोज माझ्याशी भांडत.

"करंगळीला जड जातंय ना? मग बोल की! तोंडाला नाही ना लकवा झालाय!"

सगळं एका फाइलमध्ये भरून तिने पेनड्राइव्हवर दिलं. फाइल आत घेतली की पडद्याच्या तळाशी तिची ओळ यायची: डावरेबुवा, पाठ ताठ.

"हिची एक प्रत घरी ठेव," ती म्हणायची.

"तू आहेस की," मी म्हणायचो.

गेल्या वर्षी ताई वारली. प्रत मी केलीच नव्हती.

जुन्या ऑफिसात संध्याकाळी सगळे कम्प्युटर पुसून कोरे करत. त्यामुळे निघताना दिवसभरातल्या बारीकसारीक बदलांसकट सेटिंग पेनड्राइव्हवर उतरवायची, सकाळी परत चढवायची. उतरवताना कम्प्युटर विचारायचा, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू? मी न वाचता 'हो' दाबायचो. महिन्यापूर्वी ते ऑफिस बंद पडलं.

आज नव्या ऑफिसात परीक्षा होती. दोन खोल्यांचा नकाशा, एक तास.

"जमेल ना?" तिथल्या मॅडमनी माझ्या हाताकडे न बघण्याचा प्रयत्न करत विचारलं.

"हातचा मळ आहे. माझी सेटिंगची फाइल आणलीय," मी म्हणालो. फुशारकी माझी!

पेनड्राइव्ह लावला. घाईघाईत बोटांनी सकाळचं काम सोडून संध्याकाळचं केलं. चढवायच्या जागी उतरवलं. कम्प्युटरने विचारलं, तिच्यावर लिहू? मी 'हो' दाबलं.

मग फाइल आत घेतली. तळाची ओळ कोरी होती. मी भिंतीची कळ दाबली तर भलतीच खिडकी उघडली. पुन्हा घेतली. पुन्हा कोरी. ताईच्या फाइलवर मी या परक्या कम्प्युटरची सेटिंग लिहून मोकळा झालो होतो. चार महिने एका 'हो'त गेले. शिव्या द्यायच्या तर कुणाला? दाबणारं बोटही माझंच.

कुठली आज्ञा कुठे बसवली होती ते मला सांगता येत नव्हतं. ते बोटांना ठाऊक होतं, आणि तिला.

मेन्यूत शोधत शोधत तासाभरात माझ्या तीन भिंती झाल्या.

"बरं नाही वाटत का?" मॅडमनी विचारलं. "दुसऱ्या एखाद्या दिवशी याल? तुमची ती फाइल घेऊन?"

"नाही," मी म्हणालो. "ती आता नाही."

त्यांना वाटलं, मी फाइलबद्दल बोलतोय. मी पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि पाठीत वाकून बाहेर पडलो.