चकचकीत केली आणि कामातून घालवली

मी पिकअप गाडी बोलतेय. बोलतेय म्हणजे भांडतेय असंच समजा. मला जुनी म्हणा, खटारा म्हणा, चालेल. फक्त 'क्लासिक' म्हणू नका. हा शब्द माझ्या बाबतीत वापरला गेला, तेव्हापासूनच माझे हाल सुरू झाले.

आत्ता मी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. बॉनेट उघडं आहे आणि आत इंजिन नाही. माझ्या पोटातून दोन इंजिनं काढली गेली. पहिलं म्हातारं झालं म्हणून काढलं, दुसरं तरणंताठं असून माझ्या कामाचं नव्हतं म्हणून. दोन्ही वेळा पान्हा एकाच माणसाच्या हातात होता. त्याच्याविषयी मला बोलायचं आहे आणि मी मऊ बोलणार नाही.

कारखान्यात माझे कुणी लाड केले नाहीत. एकानं दार लावून पाहिलं, दुसऱ्यानं हॉर्न वाजवून पाहिला, तिसऱ्यानं काचेवर खडूनं बरोबरची खूण केली, झाला माझा जन्म. मला घेतलं ते एका काचवाल्यानं. खिडक्यांच्या, दुकानांच्या, कपाटांच्या काचा कापून द्यायच्या आणि जागेवर नेऊन बसवायच्या, हा त्याचा धंदा. मला घरी आणल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या हौद्यात लाकडाची चौकट ठोकली. वर चिंचोळी, खाली रुंद, तंबूसारखी दोन्ही बाजूंना उतरती. तिच्या अंगाला जाड कांबळ्याच्या पट्ट्या. काचा तिला टेकून काठावर उभ्या राहायच्या आणि वरून पट्टा आवळला जायचा.

मालक गाडी हाकायचा तेव्हा मागच्या गाड्या हॉर्न वाजवून जीव खायच्या. हा हात बाहेर काढून म्हणायचा, "जा रे राजा, जा पुढं. तुझ्या मागं काच नाही." माझं इंजिन डिझेलचं होतं, आवाज मोठा, वेग बेताचा. पण त्याचा एक गुण सांगते. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला पाय न लावताही ते मला हळूहळू ओढत न्यायचं. आम्ही निघालो हे मागच्या काचांना कळायचंसुद्धा नाही.

या गावातल्या निम्म्या खिडक्या माझ्या पाठीवरून गेल्या आहेत. माणसं खिडकीतून बाहेर पाहतात, काचेकडे कुणी पाहत नाही. काच दिसते ती फुटल्यावर. तेव्हा मात्र "कुणी आणली होती ही?" म्हणून चौकशी होते.

मालक गेला. त्याच्यामागं दुकान धाकट्या मुलीनं चालवायला घेतलं आणि माझं स्टिअरिंगही तिच्याच हातात आलं. थोरला मुलगा ऑफिसात नोकरीला. खुर्चीत बसून काम करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर गाड्या दुरुस्त करण्याचे व्हिडिओ पाहायचा. पाहता पाहता त्याला वाटायला लागलं की आपल्यालाही हे येतं. असं वाटणाऱ्या माणसांची एक जमातच आहे, आणि त्या जमातीपासून माझ्यासारखीला वाचवणारा कायदा अजून कुणी केलेला नाही.

एका चढावर माझं इंजिन थकलं. भसाभसा धूर निघाला आणि मी मागं सरकू लागले. धाकटीनं खाली उडी मारून चाकाला दगड लावला, काचा वाचवल्या. फिटरनं तपासून सांगितलं, "इंजिन उघडू, झिजलंय ते बदलू. अजून भरपूर चालेल." ठरलंही तसंच. तेवढ्यात थोरला आला.

"अगं, त्या म्हाताऱ्या इंजिनात कसला जीव ओततेस? मी घरीच दुसरं बसवतो. बाबांची आठवण आहे ती, क्लासिक गाडी! व्यवस्थित रिस्टोअर करू."

"दादा, मला आठवण नकोय, गाडी हवीय. शाळेच्या नव्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या मी घेतल्यात. एवढं मोठं काम बाबांनासुद्धा कधी मिळालं नव्हतं. त्याच्या आत देशील?"

"देईन म्हणजे काय! माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या दोस्तावर नाही."

दोस्त म्हणजे उद्याभाऊ. खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक असेल. कुठलंही काम सांगा, उत्तर एकच, "उद्या करून टाकू." एका गॅरेजमध्ये तो काही दिवस होता. तिथून का निघाला, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

मी खोटं बोलणार नाही. थोरल्यानं कष्ट केले. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून माझ्याखाली आडवा पडून गंज खरवडायचा. बोटं सोलली, डोळ्यांत कचरा गेला, पाठ धरली. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. चासीला रंग दिला तेव्हा तर गालावर हात फिरवावा तसा फिरवत होता. मलाही बरं वाटलं. इथंच मी फसले. लाडानं हात फिरवणाऱ्याला आपलं दुखणं कळलेलं असतंच असं नाही.

समोर तिकाटण्यावर शूटिंगसाठी फोन लावलेला असायचा. थोरला एरवी आईशी चार शब्द बोलायचा नाही, पण त्या फोनला "मित्रांनो, आज आपण…" म्हणून तासभर ऐकवायचा. त्या मित्रांच्या सल्ल्यानं माझं आयुष्य ठरू लागलं. व्हिडिओखाली कुणी लिहिलं, मागचा भाग उंच दिसतो. लगेच उद्याभाऊ म्हणाला, "खरंच की, ढुंगण वर करून उभी आहे!" दोघं हसले आणि माझ्या मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कमी करून टाकले. ते पाटे ओझं पेलायला होते, हो! काचेचं वजन काय असतं हे या दोघांना माहीत नव्हतं, कारण दोघांनीही आयुष्यात कधी उचललेली मोठ्यातली मोठी काच म्हणजे फोनची.

मग चौकटीची पाळी आली. "हा सांगाडा फोटोत घाण दिसतो," थोरला म्हणाला. ग्राइंडर लावून बोल्ट कापले, चौकट मोडली, फळ्या शेडमागं टाकल्या. चौकटीच्या भोकांत पुट्टी भरली आणि वरून असा रंग मारला की माझ्या हौद्यात तोंड दिसावं.

आणि इंजिन? ते आणलं एका अपघातात चेचलेल्या स्पोर्ट्स कारचं. पेट्रोलवरचं, हलकं, तापट. ते माझ्यात बसत नव्हतं. मग माउंटिंग कापा, गिअरबॉक्सला जोडायला मधे प्लेट करून घ्या, रेडिएटर पुढं सरकवा, सायलेन्सर वाकवा. इंजिन चेनपुलीला लोंबकळतंय आणि खाली दोघं वाद घालताहेत, असा देखावा कित्येक दिवस चालला.

"डावीकडं घे."

"तुझी डावी की गाडीची?"

"अरे, माझी आणि गाडीची एकच आहे!"

"मी तुझ्याकडं तोंड करून उभाय ना पण!"

हसा, हसायला काय जातंय तुमचं. माझं जुनं इंजिन तोवर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलं होतं. धाकटीला विचारलंसुद्धा नाही. ती दुकानातून रोज फोन करायची, "दादा, कुठवर आलं?" आणि हा म्हणायचा, "बघशील तेव्हा वेडी होशील."

ज्या दिवशी मला शेडबाहेर काढलं त्या दिवशी गल्ली जमली होती. थोरल्यानं चावी फिरवली, पाय दाबला आणि मी अशी गुरगुरले की समोरच्या घरातलं तान्हं रडायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "किती हॉर्सपॉवर?" जो तो हेच विचारत होता. धाकटी दुकानातून तशीच आली, हातात जाड हातमोजे. माझ्याभोवती फिरली, हौद्यात वाकून पाहिलं.

"चौकट कुठंय?"

"अगं, आधी गाडी तर बघ! रंग बघ!"

"बघितला. चौकट कुठंय दादा?"

थोरल्याचा चेहरा उतरला. "तू ना, कशातच आनंद मानू नकोस. काचा न्यायच्यात ना? तुझ्या शाळेची पहिली खेप मीच पोचवतो, या गाडीतनं. मग बोल."

"काचा उभ्या न्यायच्या असतात."

"माहितीये गं! मी काय लहान आहे?"

आता ऐका, माणसानं माती कशी खाल्ली ते. दुसऱ्या दिवशी धाकटी शाळेवर खिडक्यांच्या चौकटी मापत होती. इकडं थोरला आणि उद्याभाऊ दुकानातून काचा भरायला गेले. उभ्या करायच्या तर टेकवायच्या कशाला? चौकट यांनीच मोडलेली. तेव्हा थोरल्याला कल्पना सुचली. घरातली कापसाची गादी आणली, हौद्यात अंथरली आणि तिच्यावर काचा आडव्या रचल्या, एकीवर एक, मधे वर्तमानपत्र. मऊ गादीवर काच सुरक्षित राहील, असं त्याला मनापासून वाटलं. उद्याभाऊ म्हणाला, "मस्त. झोपल्यात बघ कशा." काच झोपवली की तिच्याच वजनानं मधे वाकते, खालची गादी खचते आणि मग तिला एक धक्का पुरतो. मी हे ओरडून सांगत होते. माझं ओरडणं यांना इंजिनाचा दमदार आवाज वाटला.

पहिल्या चौकातच सिग्नल लागला. हिरवा झाला तसा थोरल्यानं क्लच सोडला. म्हातारं इंजिन असतं तर गपचूप पुढं सरकलं असतं. या नव्या पोरगेल्या इंजिनाला कमी वेगात जोरच नाही. थोरल्यानं पाय दाबला, क्लचनं एकदम पकडलं आणि मी बेडकासारखी उडी मारली. पाटे काढलेली माझी पाठ धाडकन टेकली. मागं आवाज झाला. तो आवाज ज्यानं एकदा ऐकलाय त्याला पुन्हा सांगावा लागत नाही.

इतक्या वर्षांत माझ्या पाठीवर एक काच फुटली नव्हती. एकही नाही. माझ्या नावाला हा डाग या दोघांनी लावला, तोही मला चकचकीत केल्यावर.

थोरला तसाच शाळेपर्यंत गेला. धाकटी बाहेर आली, हौद्यात पाहिलं. थोरला चुरा हातानं गोळा करायला लागला.

"हात लावू नकोस!" ती केवढ्यानं ओरडली. स्वतःचे हातमोजे काढून त्याच्या अंगावर फेकले. "आधी हे घाल."

"गादी टाकली होती गं मी…"

"ती आईची गादी आहे. आता तीही फेकायची, काचेचे कण कधी निघत नाहीत."

"मी भरून देतो सगळं."

"काय काय भरून देशील? आज खिडक्या बसवते म्हणून मी शब्द दिला होता."

मग ती कामाला लागली. कुणाला तरी फोन केला, नव्या काचा कापून घेतल्या आणि दुसऱ्याचा टेम्पो बोलावून ती संध्याकाळपर्यंत खिडक्या बसवत राहिली. टेम्पो फाटकातून आत घेताना ती टेम्पोवाल्याला "हळू, हळू" सांगत होती. मी फाटकाबाहेर उभी राहून ते पाहिलं. रंग माझा एवढा झळकत होता की येणारेजाणारे माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढत होते. लाज कशी वाटते विचारा मला.

घरी आईनं एकच विषय काढला. "बाबांची आठवण म्हणून गाडी दुरुस्त केलीस ना?"

"हो."

"ते कशी चालवायचे हे आठवलं नाही तुला?"

थोरला ताटावरून उठला. उठून तो माझ्याकडं आला आणि हौद्यात उरलेला चुरा झाडत बसला. समोर फोन लावलेला नव्हता, हे मी मुद्दाम सांगते.

पुढच्या सुट्टीला त्यानं ते तापट इंजिन स्वतः उतरवलं. उद्याभाऊ म्हणत होता, "अरे, थोडं ट्यूनिंग करू, उद्या…" थोरल्यानं त्याच्या हातातला पान्हा काढून घेतला. भंगारवाल्याकडं जाऊन आला, तर माझं म्हातारं इंजिन केव्हाच फोडून विकलं गेलेलं. आता तो डिझेलचं इंजिन शोधतोय. मिळेल की नाही, माझ्यात बसेल की नाही, मला ठाऊक नाही. पाटे मात्र परत चढवलेत. माझं ढुंगण पुन्हा वर आलंय आणि मला त्याचा अभिमान आहे.

राग गेला का म्हणाल, तर नाही गेला. ज्याचं पोट दोनदा फाडलंय त्यानं लगेच माफ करावं, ही अपेक्षा फाडणाऱ्यांचीच असते. आणि तुमच्यापैकी कुणाच्या दारात माझ्यासारखी एखादी उभी असेल, तर तिला हात लावण्याआधी तिच्यावर कोण पोट भरतं ते पाहा. व्हिडिओ नंतर काढा.

आज सकाळी धाकटी ड्रिल घेऊन माझ्या हौद्यात चढली. थोरला नव्या चौकटीची फळी धरून उभा. आरशासारख्या त्या रंगावर तिनं खडूनं खूण केली.

"अगं, इथंच? जरा आतल्या बाजूला घे ना. रंग…"

"दादा, धर नीट."

ड्रिल फिरलं. रंगाचा पापुद्रा उडाला, पुट्टी उडाली, खालचा पत्रा लागला. प्रत्येक भोकाला थोरला डोळे मिटत होता.

पाड गं बाई, अजून भोकं पाड.