फरशीवरच्या अकरा खुणा

मित्रांनो, मी एक स्पीकर आहे. जुना, लाकडी अंगाचा, छातीवर तपकिरी कापड ताणलेला आणि डावा. यातला शेवटचा शब्द तेवढा ध्यानात ठेवा. जुने आणि लाकडी या जगात पुष्कळ असतात. माझ्यावर जे आलं ते मी डावा होतो म्हणून आलं.

आमचा जन्म जोडीनं झाला. कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईंनी एकाच फळीतून कापलेल्या दोन पेट्या पुढ्यात घेतल्या. दोघांच्या पोटात जाड आवाजासाठी एक मोठा भोंगा आणि बारीक आवाजासाठी वर एक छोटा भोंगा बसवला. एकच सूर दोघांतून वाजवून पाहिला, समाधानानं मान हलवली आणि आमच्या पाठीवर एकेक चिठ्ठी डकवली. माझ्यावर 'डावा', त्याच्यावर 'उजवा'. आमच्यात काडीचा फरक नव्हता. फरक होता तो चिठ्ठीत. मोठे झालात की कळेल, पुष्कळ माणसांचंही असंच असतं.

पहिल्या घरात आमचे हाल झाले. उजव्याला कपाटावर चढवून त्याच्या डोक्यावर फुलदाणी ठेवली, आणि मला सोफ्यामागे ढकललं. आठ वर्षं मी सोफ्याच्या पाठीशी बोललो. तो चांगला श्रोता होता, पण दाद देत नसे. मग एक दिवस मोजणीकाका आले आणि आम्हा दोघांना काखोटीला मारून घेऊन गेले.

काका जमीन मोजणारे. पस्तीस वर्षं तीन पायांवर दुर्बीण उभी करून त्यांनी लोकांच्या हद्दी ठरवल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावर मोजायला घराखेरीज काही उरलं नव्हतं. काकू पडदे शिवत. त्यांच्याकडेही टेप होताच. पण काकूंचा टेप कापडाचा, काकांचा पोलादी. संसारात कोणाचा टेप चाले ते सांगायला नको.

आम्हाला घरात आणल्यावर काकांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. आधी खोली मोजली. मग आम्हाला लाकडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर, चढवलं, अशा बेतानं की छोटा भोंगा बरोबर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे घेतलं, कारण कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर घशात घास अडकल्यासारखा घुमतो. आमच्या दोघांत आठ फूट, माझ्यापासून खुर्चीपर्यंत आठ फूट, उजव्यापासून खुर्चीपर्यंत आठ फूट. तिन्ही बाजू सारख्या. मग आमची तोंडं किंचित आत, खुर्चीकडे वळवली. शेवटी त्यांनी न पुसणारा काळा पेन काढला आणि आमच्या दोघांच्या पायाशी फरशीवर एकेक खूण करून शेजारी अंतर आणि तारीख लिहिली.

"अहो, फरशी आहे ती!" काकू ओरडल्या. "कोणाची हद्द नाही!"

"खूण केली नाही तर उद्या तू झाडताना हलवशील, आणि वर म्हणशील, होता तिथंच आहे."

"आणि तारीख कशाला?"

"तारखेशिवाय खूण म्हणजे नुसता डाग."

मग त्यांनी रेकॉर्ड लावली. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी काय आहे. व्हायोलिन माझ्याकडून येत होतं, ढोल उजव्याकडून, आणि गाणारी बाई मधोमध, जिथं कोणीच नव्हतं तिथं, हवेत उभी राहून गात होती. काकूंनी शिलाईयंत्र थांबवलं. "अगंबाई, ही तर समोर उभी आहे!" काकांनी टेपची पोलादी पट्टी अशी काही सर्रकन आत जाऊ दिली की जणू टाळ्याच वाजवल्या. सहा वर्षं ती बाई रोज संध्याकाळी बरोबर त्या जागी उभी राहत असे.

मग ती चालू लागली.

आधी जेमतेम एक पाऊल, उजवीकडे. आम्हाला काहीच जाणवलं नाही. जाणवलं ते काकांना. ते खुर्चीत पुढे झुकले आणि माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "डावा बसलाय."

मी बसलो नव्हतो. मी कारखान्यात बोललो होतो तसाच बोलत होतो. पण आमची जात अशी की आमच्यात जे घालाल तेच बाहेर पडतं. स्वतःचं असं एक अक्षर आम्हाला बोलता येत नाही. काकांनी मला सहा इंच पुढे ओढलं. गाणारी बाई परत मध्यावर आली असावी, कारण ते हसले. फरशीवर दुसरी खूण झाली: साडेसात फूट, आणि तारीख.

तुम्ही म्हणाल, बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवलं की झालं. काकूही तेच म्हणाल्या. "बटण?" काका म्हणाले. "म्हणजे हद्द चुकली तर नकाशा खोडून काढायचा?" त्या बटणाला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही.

तिसरी खूण सात फुटांवर झाली, चौथी पावणेसातवर. मी एका जागी उभा राहून बघणारा प्राणी आहे, म्हणून मला आणखीही काही दिसू लागलं. लेकीचा फोन आला की काका पूर्वी तो डाव्या कानाला लावत, कारण उजव्या हातात पेन असे. आता फोन उजव्या कानाला असे आणि पेन खाली पडलेला. काकूंनी स्वयंपाकघरातून हाक मारली की ते उलट्या बाजूला, खिडकीकडे बघत. आणि खोलीत येताना त्यांचा डावा खांदा चौकटीला लागे. एकदा लागला, दोनदा लागला. तिसऱ्यांदा त्यांनी चौकट मोजली.

मग एका दुपारी ते ताडकन उठले. "हा शिट्टी मारतोय!" मला म्हणाले. मित्रांनो, रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राची वायर भिंतीतून काढलेली होती. माझ्यात त्या वेळी काहीही नव्हतं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं माझं कापड काढलं, भोंगा दाबून पाहिला, तारा तपासल्या, माझ्या पोटाला कान लावला. "काका, हा ठणठणीत आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा."

"आणि ती शिट्टी?"

दुरुस्तीवाल्यानं भिंतीकडे पाहिलं, जमिनीवर पडलेली वायर पाहिली, मग काकूंकडे पाहिलं. "आत्ता येतेय?"

"आत्ताच येतेय की! बहिरा आहेस का?"

"असेन," तो हळूच म्हणाला. जाताना त्यानं वायर लावली आणि आम्हा दोघांची अदलाबदल करून दाखवली. उजवा माझ्या जागी आला, आणि काका म्हणाले, "आता हाही बसला!" म्हणजे खोट पेटीत नव्हती, जागेत होती. काकांना आनंद झाला. ते दुरुस्तीवाल्याला समजावून सांगू लागले, "आमच्या कामात हेच असतं बघ. वाचन चुकीचं आलं तर काय करायचं? दुर्बीण उलटी फिरवायची आणि पुन्हा बघायचं. चूक जमिनीत असेल तर तिथंच राहते. दुर्बिणीत असेल तर तीही बाजू बदलते. कशावरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही."

हे सगळं त्यांनी सांगितलं. मी ऐकलं. उजव्यानं ऐकलं. फक्त सांगणाऱ्यानं ऐकलं नाही.

आम्ही आपापल्या जागी परत आलो आणि खटला खोलीवर चालू झाला. डावी भिंत आवाज खाते असं ठरलं. भिंतीवरचं कपाट गेलं. काकूंनी शिवलेले खिडकीचे पडदे उतरले. जाजम आलं, जाजम गेलं. आणि मी सरकत राहिलो. सहा फूट. साडेपाच. पाच. खुणा खुर्चीच्या दिशेनं चालल्या होत्या, एखादं जनावर दबकत यावं तशा, आणि त्या जनावराच्या पाठीवर मला बसवलं होतं. अकरावी खूण चार फूट दोन इंचांवर झाली. उजवा मात्र आठ फुटांवर, आपल्या एकुलत्या एका खुणेवर, पहिल्या दिवशी उभा होता तसाच. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. पण तो माझ्याकडे बघत होता.

त्याच आठवड्यात काकूंचा संयम संपला. त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली, वर चढून पडदे परत टांगले आणि सोबतीला म्हणून रेकॉर्ड लावली. खाली उतरून खुर्ची जागेवर ढकलली खरी, पण ती उलटी, आमच्याकडे पाठ करून. मग त्या सुईत दोरा ओवत बसल्या. काका भिंतीला धरत धरत आले. हल्ली ते भिंत धरत. चक्कर आली होती, म्हणून होती तशी खुर्चीत टेकले.

थोड्या वेळानं म्हणाले, "अगं, तो दुसरा कधी बिघडला?"

"कोण दुसरा?"

"हा काय." त्यांनी डावा हात उचलून दाखवलं. तिकडे उजवा होता.

काकूंची सुई थांबली. "आणि तो?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तो झकास! बघ, आणलं की नाही ताळ्यावर?"

काकू उठल्या. "उभे राहा जरा."

"अगं, चक्कर..."

"उभे राहा म्हणते ना." त्यांनी खुर्ची आमच्याकडे तोंड करून फिरवली. "बसा. आता सांगा."

काका बसले. व्हायोलिन वाजत होतं, माझ्याकडून, चार फूट दोन इंचांवरून, जीव तोडून. काकांनी डोळे मिटले. मग स्वतःच उठले, स्वतःच खुर्ची उलटी केली आणि बसले. पुन्हा सुलटी केली. रेकॉर्ड संपली, सुई मधल्या मोकळ्या वळणात खरखरत राहिली, तरी ती कोणी उचलली नाही.

"खोट जमिनीत नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका लहान ऐकला नव्हता. "दुर्बिणीत आहे."

पुढचं मला फोनवरून कळलं. काकू लेकीला सांगत होत्या, माझ्या डोक्यावर हात टेकून. "कानामागं आत गाठ आहे म्हणे. वाईट जातीची नाही; पण वाढली की मेंदूला रेटते. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून कमी येतंय? तुझे बाबा म्हणाले, असेल दोनेक महिने. मी म्हटलं, थांबा, आमच्या फरशीवर तारखा आहेत. पडद्यांच्या वहीत उतरवून नेल्या होत्या मी. पहिली ओढाओढ सतरा महिन्यांपूर्वीची. डॉक्टरांनी अकराच्या अकरा वाचल्या, आणि..." काकूंचा हात माझ्यावर जड झाला. "काही नाही गं. म्हणाले, साडेसात फुटांवर होतात तेव्हा यायला हवं होतं."

इस्पितळात जायच्या सकाळी पिशवी दारात होती आणि काका टेप घेऊन माझ्यापाशी गुडघ्यावर बसलेले. त्यांनी मला मागं नेलं, चार फुटांवरून पाच, सहा, सात, पार पहिल्या खुणेवर.

"अहो, रिक्षा उभी आहे. आणि तिथून तुम्हाला ऐकू यायचं नाही."

"मला नाही येणार. पण तो चुकीच्या जागी होता, आणि तिथं त्याला मी नेलं होतं." त्यांनी माझं तोंड किंचित आत वळवलं, कापडावरची धूळ फुंकली आणि उठताना क्षणभर माझा आधार घेतला. ते माझी माफी मागत होते की माझी जागा तपासत होते, मला अजून सांगता येत नाही. ती दोन कामं ते एकाच चेहऱ्यानं करतात.

मग तेवीस दिवस कोणी आलं नाही. फोन वाजून वाजून गप्प होई. खुर्ची आठ फुटांवर रिकामी. मला एकच कळत होतं, की आता मी अगदी बरोबर जागी आहे, आणि बरोबर जागी उभं राहण्याचा उपयोग समोर कोणी असेल तरच असतो.

चोविसाव्या दिवशी कुलूप उघडलं. काकांच्या डोक्याला पट्टी होती, आणि हसताना ओठांचा डावा कोपरा उशिरा येत होता. पण हसले. गाठ निघाली, जीव राहिला, डावा कान गेला. कायमचा. खुर्चीत बसून त्यांनी रेकॉर्ड लावायला सांगितली. बराच वेळ ऐकलं.

"डावा वाजतोय?"

"वाजतोय," काकू म्हणाल्या.

"नक्की? का माझी समजूत काढतेस?"

काकूंनी मला घोड्यासकट उचललं. उचललं कसलं, ओढत आणलं, फरशीला ओरखडे पाडत, अकराही खुणांवरून, थेट खुर्चीच्या डाव्या हाताशी. काकांचा तळवा धरून माझ्या छातीवरच्या कापडावर ठेवला. मोठा भोंगा धडधडत होता. काकांनी बोटं पसरली. मोजणीच्या सगळ्या शास्त्रात याहून चुकीची जागा नसेल.

"व्हायोलिन आहे की," थोड्या वेळानं ते म्हणाले. "आणि खाली काहीतरी जाड. हे पूर्वी ऐकलं नव्हतं मी."

काळा पेन काकूंनीच आणला. बारावी खूण त्यांनी केली, पडद्याच्या कापडावर करतात तशी, छोटी आणि सरळ. अंतर: शून्य. तारीख.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, सोफ्यामागे टाकू नका, त्याच्या डोक्यावर फुलदाणी ठेवू नका. पण घरातला एखादा, स्पीकर असो वा माणूस, हल्ली नीट बोलत नाही असं वाटलं, तर त्याला हलवण्याआधी आपली खुर्ची एकदा फिरवून बघा. आणि लवकर बघा. सतरा महिने लावू नका.

दर सहा महिन्यांनी काकांना तपासायला नेतात. डॉक्टर म्हणालेत, आता उरलेल्या कानाला जपा, त्याला जोडीदार नाही. रोज संध्याकाळी काका खुर्चीत बसतात, डावा हात माझ्या छातीवर, मान किंचित उजवीकडे. काकू शिवता शिवता त्यांच्याकडे बघतात, आणि मी खोलीच्या पलीकडे बघतो.

उजव्याच्या पायाशी अजून एकच खूण आहे. रोज सकाळी मी ती मोजतो.